थंड गाडीचं झाकण

या सदरातले अनुभव मी आजवर जेवता जेवता वाचले आणि बायकोला हसत हसत वाचून दाखवले. पिंपळाखालची बाई, मागच्या सीटवरचा म्हातारा… या लोकांना दुसरं काम नाही, असं माझं स्वच्छ मत होतं. म्हैसूरच्या मेटगळ्ळीत एका कारखान्यात सव्वीस वर्षं मेंटेनन्सला काढलीत मी. मशीन बंद पडलं तर कारण असतंच, आणि ते सापडल्याशिवाय घरी जायचं नाही, ही सवय. तेव्हा खाली 'लिंबू-मिरची बांधा' असं लिहिणार असाल तर इथूनच परत जा. मला कारण हवं आहे.

माझी गाडी वीस वर्षांची. या जुन्या गाड्यांना झाकण थेट रेडिएटरवर असतं. लोकांना वाटतं, पाणी सांडू नये एवढ्यापुरतंच ते. तसं नाही. झाकणातली स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते, म्हणून पाणी शंभर डिग्रीच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. गरम गाडीचं झाकण उघडलंत की दाब सुटतो आणि सगळं पाणी एकदम उकळून अंगावर येतं. म्हणून नियम एकच — गाडी पूर्ण थंड असल्याशिवाय हात लावायचा नाही. मी दर रविवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, झाकण काढतो. रबराची रिंग फडक्यानं पुसतो, चिरली आहे का बघतो, स्प्रिंग अंगठ्यानं दाबून बघतो. माझी एखादे दिवशी आंघोळ चुकेल, हे चुकत नाही, असं बायको म्हणते.

त्या शनिवारी दादा, माझा थोरला भाऊ, बेंगळूरहून आला. आईला घेऊन जायला. अकरा वर्षं आई माझ्याकडे आहे. अकरा वर्षांत याला फोन करायला वेळ नव्हता, आणि आता म्हणे तिचं वय झालं, तिकडे डॉक्टर चांगले आहेत. म्हणजे इथे मी तिला काय उपाशी ठेवली होती? जेवणाच्या पानावरच आमची जुंपली. आई मान खाली घालून ताकभात कालवत राहिली.

रविवारी सकाळी साडेसातला मी पोर्चमध्ये होतो. दादा कॉफीचा पेला घेऊन बाहेर आला आणि गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"ह्या डब्यातून आईला चेकअपला नेतोस?" म्हणाला. "कूलंट तरी बघतोस का कधी, की सुम्ने चालवतोस?"

सुम्ने म्हणजे उगीच, काही न बघता. हे मला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"दर रविवारी बघतो. आज तू बघ. थंड आहे, उघड."

हे शब्द माझेच, नाकारत नाही. गाडी शुक्रवारी संध्याकाळी लावली होती. शनिवारी ती जागची हलली नव्हती. पुढच्या काचेवर दव होतं. बॉनेट मीच वर केलं, पत्रा हाताला गार लागला. दादानं पेला कट्ट्यावर ठेवला, वाकला, झाकण दाबलं आणि फिरवलं.

जाड कापड टरकावं तसा आवाज झाला… आणि कूलंटचं हिरवं पाणी वाफेसकट उसळलं. त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत आणि हनुवटीवर. चष्म्यामुळे डोळे वाचले. दादा तिथेच खाली बसला. मी बागेच्या पाइपचं पाणी सोडून त्याच्या हातावर धरलं, तोवर आई बाहेर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"अय्यो माधवा, काय केलंस रे हे?"

काय झालं, असं नाही विचारलं तिनं.

दादा माझ्याबरोबर यायला तयार नव्हता. बायको त्याला रिक्षानं हॉस्पिटलात घेऊन गेली. मी मागे राहून इंजिनाला हात लावला. गार. खालचा पाइप गार. रेडिएटरची जाळी ओली होती, तीही गार. झाकण फरशीवर पडलं होतं, ते मात्र इतकं गरम, की फडक्यात धरूनसुद्धा हातात ठरेना. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, गळत असेल तर थंड गाडीतही थोडा दाब राहतो, मला माहीत आहे. पण उष्णता कुठून आली? पुढे इंजिन दोनदा उघडून पाहिलं, दुसऱ्या मेकॅनिकलाही दाखवलं. गॅस्केट शाबूत होतं.

शेजारच्या सरोजम्मा साडेसहापासून दारात रांगोळी काढत होत्या. मी त्यांना फोनवर दादाशी बोलायला लावलं. "बेळिग्गेइंद गाडी स्टार्टे आगिल्ल," त्यांनी सांगितलं — सकाळपासून गाडी सुरूच झाली नाही. दादा मला म्हणाला, "शेजारीण तुझी. तू सांगशील तेच बोलणार, अल्वा? हो ना?"

त्यानं सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, माधवानं गाडी तापवून ठेवली आणि मला थंड आहे म्हणाला. दुसऱ्या दिवशी आई त्याच्याबरोबर गेली. भाजलेल्या हाताला बघायला कोणी हवं, म्हणाली. तिच्या गोळ्यांची पिशवी मी भरून दिली, ती तिनं माझ्याकडे न बघता घेतली. पुढे तीन महिने ती माझ्या फोनवर आली नाही.

मग दादाचा फोन आला. "पहाटे गाडी काढली होती आणि विसरलास, एवढंच कबूल कर. मी बिडु म्हणतो, सोडून देतो. आईला दसऱ्याला घेऊन येतो."

"काढली नव्हती."

"मग मुद्दाम केलंस असं समजू?"

मी म्हणालो, "दूध आणायला काढली होती. विसरलो."

दसऱ्याला दोघं आले. ओबट्टूचं, म्हणजे पुरणपोळीचं, जेवण चाललं होतं. दादानं चारचौघांत बाही वर करून गुलाबी पडलेलं कातडं दाखवलं आणि म्हणाला, "बिडु, भाऊच आहे. विसरला." सगळ्यांनी माना डोलावल्या. आता प्रत्येक बारशा-मुंजीला मला अशी माफी मिळते, जे केलंच नाही त्याची. भयंकर संताप होतो.

मग खोटं का बोललो? आईसाठी, असं बायकोला सांगितलंय. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं आज इथे पहिल्यांदा लिहितो. दादा झाकणावर वाकला तेव्हा मी त्याच्या मानेकडे बघत होतो, आणि माझ्या मनात अगदी स्पष्ट शब्दांत आलं — भाजू दे याला. ते शब्द संपले आणि झाकण उडालं.

गाडीत दोष नाही. कारण मला आजही सापडलेलं नाही. दसऱ्यानंतर आई माझ्याकडेच राहिली. दादा तिला भेटायला येतो, तेव्हा मी घरात थांबत नाही.