प्रमिला बैसाणेचं यीस्ट थांबेना

देवपुरातल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी प्रमिला बैसाणे पीएच.डी.साठी वर्षभर रजेवर होती. तीही पगारी! स्टाफरूमच्या पोटात दुखायला एवढं पुरे. विषय ऐकूनच लोकांचा चहा थंड व्हायचा: एड्सच्या विषाणूचं एक प्रथिन यीस्टमध्ये तयार झालं, की यीस्टची पेशी दुभंगायची थांबते, नुसती लांब होत जाते. ते का, हे शोधायचं. पण आधी ती थांबायला तर हवी!

पुण्याहून आणलेल्या यीस्टमध्ये ते प्रथिन बनवणारं विषाणूचं जनुक होतं. ब-१ जीवनसत्त्व अजिबात नसलं की ते जागं व्हायचं, कणभर मिळालं की झोपायचं. प्रमिलाने ब-१ टाकलंच नव्हतं. तरी सात महिने रोज सकाळी भिंगाखाली तेच, दोनाच्या चार, चारांच्या आठ. तिने साखर बदलली, पाणी बदललं, चिडून वह्या आपटल्या.

"बाई, तुमचा विषाणू धुळ्याच्या उन्हाने आडवा झाला वाटतं," रसायनशास्त्राचे देवचंद सर म्हणत. पंधरा जूनला रजा संपत होती.

संशय आला नाही तो फक्त प्रयोगशाळेचे सेवक उखर्डूभाऊ यांचा. त्यांच्याइतकी लख्ख काच जिल्ह्यात कुणाची नव्हती.

मे महिन्यात ते भाचीच्या लग्नाला शिंदखेड्याला गेले. प्रमिलाने स्वतः सोडा आणि गरम पाण्याने फ्लास्क धुतले. चौथ्या दिवशी भिंगाखाली पेशी लांबलचक, दुभंगलेली एकही नाही!

भाऊ परतताच तिने विचारलं, "फ्लास्क कशाने घासता हो?"

"गहूना कोंडाघाई, ताई. देवचंद सर त्याच फ्लास्कमा तेल तपासतस. कोंडाशिवाय तेल कसं निंघी? तुमना फ्लास्क तं मी दोनदा घासस!"

गव्हाच्या कोंड्यात ब-१ ठासून भरलेलं. काचेला चिकटून राहिलेला कणभर सात महिने जनुकाला झोपवत होता.

तिने निकाल कळवल्यावर पुण्याच्या मार्गदर्शक सरांचं पत्र आलं: हेच तीनदा करून दाखवा. त्याला दोन महिने हवेत, हाती अठरा दिवस. रजावाढीच्या अर्जात 'विलंबाचे कारण' असा रकाना. खरं लिहावं तर भाऊंना मेमो. तासभर पेन चावून तिने लिहिलं, 'माझी चूक'. प्राचार्यांचं तिच्याशी आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं आणि अर्ज नामंजूर.

जूनपासून दिवसभर वर्ग घेऊन ती संध्याकाळी मोरीशी उभी राहून फ्लास्क घासू लागली. भाऊ फुगलेले, बावीस वर्षांत त्यांच्या हातून काम कुणी काढून घेतलं नव्हतं. ते मागे बसून बघत आणि दर फ्लास्कला म्हणत, "तेल ऱ्हायनं शे, ताई."