निकाल सांगायचा नाही

"आधी बघू दे की, मग बोलू!"

ऑक्टोबर महिन्यात आमच्या ऑफिसात हे वाक्य इतक्यांदा ऐकू यायचं की आमच्या जर्मन टीमलीडलाही ते पाठ झालं होतं. वाक्य आमच्या एका मराठी सहकाऱ्यांचं; ते म्हणताना हे गृहस्थ दोन्ही तळवे कानांवर ठेवायचे आणि वर डोळेही मिटायचे. डोळे कशाला, ते मला कधी कळलं नाही. पन्नाशीचा माणूस, जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या काचेच्या इमारतीत, कॉफी मशीनसमोर कान-डोळे बंद करून उभा. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीही हसला असतात.

प्रकरण बेसबॉलचं होतं. माणूस मिरजेचा, नोकरी जर्मनीत आणि वेड अमेरिकेतल्या खेळाचं. आता याला काय म्हणावं! इथे येण्याआधी काही वर्षं ते अमेरिकेत प्रोजेक्टवर होते. लग्न राहून गेलेलं, त्यामुळे एका उन्हाळ्यात आईवडिलांनाच राहायला बोलावलं. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, तिथे ना कुणाची ओळख ना पाळख. टीव्हीवर सारखा बेसबॉल. बापलेकांनी सोफ्यावर बसून, एकमेकांनाच नियम विचारत, तो खेळ शिकून घेतला आणि त्या शहराच्या टीमला 'आपली टीम' म्हणायला लागले. टीम हरण्यात पटाईत होती. "आपलं नशीबच तसलं," असं म्हणून दोघं पुढच्या वर्षी पुन्हा बघायला बसायचे. बापलेक वेगवेगळ्या देशांत गेले तरी हे सुटलं नाही.

आता गंमत बघा. अमेरिकेत रात्री सामना सुरू होतो तेव्हा मिरजेत पहाट असते. वडील दात घासून, चहाचा कप घेऊन, थेट सामना बघायचे. जर्मनीत मात्र तेव्हा मध्यरात्र. मुलाला सकाळी ऑफिस, म्हणून तो संध्याकाळी घरी जाऊन रेकॉर्डिंग बघणार. म्हणजे मधला सगळा दिवस निकाल वडिलांच्या पोटात. आणि वडील असे की त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. एकदा त्यांनी भर दुपारी गॅसच्या सिलिंडरबद्दल फोन केला. सामन्याचं अक्षरही काढलं नाही, पण आवाज इतका पडलेला की मुलाला निकाल कळला. मुलगा चिडला. तेव्हापासून नियम ठरला: मोसमाच्या अखेरीच्या सामन्यांत, मुलाचं बघून होईपर्यंत फोन करायचा नाही. मुलगा बघून झाल्यावर फोन करायचा, तोवर मिरजेत मध्यरात्र उलटलेली असायची आणि वडील जागे असायचे.

नियम म्हटला की जर्मन माणूस खूश. टीमलीडने कॉफी मशीनवर रीतसर कागद चिकटवला, 'बेसबॉलबद्दल बोलण्यास मनाई', खाली सही. तसंही तिथे बेसबॉलबद्दल दुसरं कोण बोलत होतं! आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी यांचा फोन बंद करून माझ्या ड्रॉवरमध्ये. "तुझ्याकडं ठेव. माझ्याकडं राहिला तर हात जाईल," असं म्हणून देऊन जायचे आणि संध्याकाळी, फायरआबेंड, म्हणजे काम संपून सुट्टी झाली की, घेऊन जायचे.

एरवी कामात अगदी शांत. पण कँटीनमध्ये बटाटे-पालक पुढ्यात आले की मोसमाच्या शेवटच्या दिवसांतल्या जुन्या गोष्टी निघायच्या. कुणाचे दोन्ही पाय दुखावलेले, धड चालता येत नाही, आणि तो बॅट घेऊन आला नि चेंडू थेट प्रेक्षकांत पाठवला. कुणी जन्मभर उत्तम खेळला, पण ऐन वेळी साधा घरंगळत आलेला चेंडू त्याच्या पायांमधून निघून गेला. "लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं बघ," ते म्हणायचे. "बाबा त्याच्या बाजूनं भांडतात. म्हणतात, एका चेंडूवरनं माणूस मोजायचा नसतो." मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. तरी मी त्या टेबलावरून कधी लवकर उठले नाही. वडिलांचं नाव निघालं की ते पन्नाशीचे राहायचेच नाहीत.

मग तो मोसम आला. 'आपली टीम' चक्क अंतिम फेरीत पोचली. सात सामन्यांची फेरी, सहा झालेले, तीन-तीन बरोबरी. सहाव्यानंतर बापलेक बोलले तेव्हा वडील म्हणाले होते, "आता उद्या रात्रीच बोलू. मोठं बोलू."

त्या दिवशी सकाळी त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि ड्रॉवर स्वतःच ढकलून बंद केला. संध्याकाळी फोन घेतला, चालू न करताच खिशात टाकला आणि एस-बानकडे, म्हणजे इथल्या लोकलकडे, जवळजवळ पळतच गेले.

टीम जिंकली. ज्यादा डाव खेळावा लागला, आणि अगदी शेवटच्या फटक्यावर जिंकली. ते घरात एकटेच नाचले. खालच्या बाईने छताला काठीने ठोकलं, तरी नाचले. मग वडिलांशी मोठं बोलायला म्हणून फोन चालू केला.

मिरजेहून दुपारपासून फोन येत होते. सगळे शेजाऱ्यांचे. वडिलांना सकाळी छातीत दुखायला लागलं होतं, आणि दुपारी दवाखान्यातच ते गेले. तेव्हा यांचा फोन माझ्या ड्रॉवरमध्ये बंद पडून होता.

मला त्यांनी रडत रडत फोन केला, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं टीम हरली. मी म्हणाले, "अहो, जाऊ द्या हो, पुढच्या वर्षी." पुढे ते काय म्हणाले ते इथे लिहवत नाही.

दिवसकार्य उरकून ते परत आले. टक्कल बघून जर्मन मंडळी गोंधळली, मी एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं. टीमलीडने मशीनवरचा कागद स्वतः काढला आणि यांच्यासमोर कॉफीचा कप आणून ठेवला.

त्यांच्या आईने सांगितलेलं त्यांनी मला कँटीनमध्ये सांगितलं. त्या सकाळी वडील टीव्हीसमोर उठून उभे राहिले, टाळ्या वाजवल्या, आईला पेढे आणायला पाठवलं. ती परत आली तर छाती चोळत बसलेले. ती म्हणाली, "त्याला फोन लावते." तर वडील म्हणाले, "नको. त्याचं बघायचं व्हायचंय अजून. माझ्या आवाजावरनं ओळखंल तो." दवाखान्यात नेतानाही तेच. ज्या माणसाच्या पोटात काही राहत नव्हतं, त्याने ही एवढी एक गोष्ट शेवटपर्यंत ठेवली.

आई एकटी राहिली म्हणून त्यांनी राजीनामा दिला. घर सोडायचं, सामान विकायचं, सगळं भराभर केलं. शेवटच्या दिवशी आम्ही दोघं एश्बॉर्नच्या फलाटावर उभे होतो. रोज जायचो तसेच, शहराकडे जाणाऱ्या गाडीसाठी. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. तुमचा फोन चालू असता तरी बाबांनी लावू दिला नसता."

ते रुळांकडे बघत होते.

"आईनं लावलाच असता तर?" ते म्हणाले. "हेच घोळतंय बघ डोक्यात. फोन लागला असता, बाबा बोलले असते. दुखत होतं त्यांना, आवाज पडलेलाच असणार. मला वाटलं असतं हरलो. मी चिडलो असतो त्यांच्यावर. सगळं ऐकून न घेताच मी फोन ठेवला असता गं."

गाडी आली. ते चढले, मी मागून येतेय असं समजून आत सरकले आणि वळून बघितलं. मी फलाटावरच होते. दार बंद झालं. मलाही त्याच गाडीने जायचं होतं, पण त्यांच्या शेजारी बसून मी काय बोलणार होते?