एक गुलाब कमी

अमेरिकेत, शॉमबर्गला आमच्या समोरच्या घरात युक्रेनहून आलेल्या एक बाई राहायला आल्या. भेटायला निघालो, तर शेजारचा नागपूरचा मित्र म्हणाला, "आपण इथे ग्रीन कार्डाची वाट बघून म्हातारे झालो, यांना मात्र लगेच आत घेतलं, आणि तू यांना फुलं कसली नेतोस यार?" त्याचं अगदीच चूक नव्हतं. तरी डझनभर गुलाब घेऊन मी आणि बायको गेलो.

बाईंनी हसून गुच्छ घेतला, बोटाने एकेक फूल मोजलं आणि एक उपसून बायकोच्या हातात परत दिलं. ती ओशाळली.

"रागावू नका," बाई अडखळत्या इंग्रजीत म्हणाल्या. "सम संख्येची फुलं आमच्याकडे फक्त मेलेल्यांना वाहतात. माझा नवरा आघाडीवर आहे. फोन येत नाही त्याचा, पण तो जिवंत आहे."

आमच्याकडेही आहेर शंभराचा नाही, एकशे एकाचा करतात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण बाई खिडकीकडे वळल्या होत्या.

आता रोज सकाळी मी गाडी काढताना त्या पायरीवरून हात करतात. मीही करतो. नवऱ्याचा फोन आला का, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही, आणि त्यांना विचारणारं या गल्लीत दुसरं कोणी नाही.