काटा हलला होता

बरीच प्रकरणं विसरलो, पण पोलीस ठाण्यात जप्त करून आणलेला तो पिवळा सिलिंडर विसरलेलो नाही.

नव्वदचं दशक होतं. वर्तकनगरच्या एका जलतरण तलावात हौशी लोकांना पाठीला हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली उतरायला शिकवत. तिथे शिकणारा, वागळे इस्टेटमधला एक सुपरवायझर तक्रार घेऊन आला. त्याच्यासोबत शिकणारा कोपरीचा एक किराणा दुकानदार खोल पाण्यात गुदमरला होता. शिक्षकाने वेळीच वर काढला म्हणून वाचला. खोलात उतरण्याआधीची परीक्षा सगळ्यांना सारखीच कडक, पण गुडघे दुखतात म्हणून शिक्षकाने दुकानदाराला ती माफ केली, तेव्हा शिक्षकालाच अटक करा, असा सुपरवायझरचा हट्ट होता.

शिक्षकाची नोकरी आणि अब्रू दोन्ही पणाला लागली. त्याने जबाबात सांगितलं, पन्नाशीत हौसेने आलेल्या माणसाला नौदलातल्या जवानासारखं कसं पिदडू? त्याला हात धरून हळूहळू खोलात नेत होतो.

पंचनाम्यात सिलिंडरचा व्हॉल्व्ह जेमतेम उघडा निघाला. काठावर श्वास मिळेल, खोलात कमी पडेल, एवढाच. शिक्षकाने तो पूर्ण उघडताना इतरांनी पाहिलं होतं. पाण्यात जोडीने उतरत आणि उतरण्याआधी एकमेकांचा सिलिंडर तपासत; त्यामुळे त्यानंतर व्हॉल्व्हला हात लागला तो दुकानदाराच्या जोडीदाराचा, म्हणजे या सुपरवायझरचाच.

त्याला बोलावलं. चहा दिला, तरी त्याच्या तोंडी दुकानदारच. शिक्षक त्याच्याशीच हसून बोलतात, सहलीला त्यालाच पुढे करतात. असला जळफळाट मी सख्ख्या भावांच्या जमिनीच्या भांडणातच पाहिला होता.

मी सिलिंडर पुढे ठेवून तपासणी करून दाखवायला सांगितली. त्याने ती बिनचूक केली. नळीतून श्वास घेताना नजर हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर.

"काट्याकडे का बघता?"

"व्हॉल्व्ह नीट उघडा नसेल तर श्वास घेताना काटा पडतो, साहेब."

"त्या दिवशी बघितलेलं?"

"मी तपासणी कधीच चुकवत नाही."

"मग काटा पडलेला दिसला असेल."

त्याने नळी खाली ठेवली. 'विसरलो' म्हणाला असता तर निष्काळजीपणावर निभावलं असतं. पण परीक्षेसाठी घोटलेली तपासणी आपण विसरलो, हे त्याच्या तोंडून निघेना.

"दोनदा नापास झालेलो, साहेब," तो अखेर म्हणाला. "आणि त्याला परीक्षाच नाही. त्याला एकदा घाबरलेला बघायचा होता. व्हॉल्व्ह मीच फिरवला."

शिक्षक सुटला. कडक शिक्षण सगळ्यांना हवं की नको, हे पाण्यातले लोक ठरवोत. मला एवढं कळलं, की शेजाऱ्याला सोपं मिळालेलं कसं सोसायचं, हे त्या परीक्षेत नव्हतं.

दुकानदार पुढे पुन्हा पाण्यात उतरू लागला. परीक्षा त्याने कधीच दिली नाही. काटा बघायला मात्र शिकला, आणि त्यानंतर आपल्या सिलिंडरला त्याने कोणालाही हात लावू दिला नाही.