निळं झाकण

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तिला सगळे झाकणवाली ताई म्हणत. बारा वर्षं एकच काम: ताट भरायचं, वजनकाट्यावर ठेवायचं, वर झाकण घालायचं. लाल झाकण हृदयाच्या रुग्णांचं, त्यात तेल मोजून. पिवळं अशक्तांचं, भात-बटाटा वाढवून. निळं जखमवाल्यांचं: दोन अंडी, घट्ट डाळ, माशाचा तुकडा, दूध. चूक म्हणून व्हायची नाही. पण कुणाला काय आणि का, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तक्ता लावलाय ना भिंतीवर, मग झालं तर!

गेला महिनाभर मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आई न्हाणीघरात पडली, मांडीचं ऑपरेशन झालं आणि जखम काही केल्या मिटेना. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "तीन आठवडे बघू. नाहीतर पुन्हा उघडावं लागेल." पुन्हा! सत्त्याहत्तर वर्षांची म्हातारी पुन्हा त्या टेबलावर! तेव्हापासून ताईचा हात काट्यावर आणि डोळा घड्याळावर. घरी पोचली की आधी पट्टी बघायची, मग चपला काढायची.

त्या दिवशी तिनं पिवळं झाकण हृदयाच्या रुग्णाच्या ताटावर घातलं. बारा वर्षांत पहिल्यांदा! रुग्णांचा आहार ठरवणाऱ्या मॅडमनी ते बघितलं, तिला बाजूला घेतलं आणि आईचं सगळं ऐकून विचारलं, "आईला खायला काय देता?"

"मऊ भात, अगदी पातळ. डाळ नाही, तेलाचा थेंब नाही. जड पडायला नको. तीनदा करते हो, ताजा!"

मॅडमनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. "ताई, निळं झाकण कुणाचं?"

"जखमवाल्यांचं," ती घड्याळाकडे बघत म्हणाली.

"मग तुमच्या आईला काय झालंय?"

ताई शेजारच्या तांदळाच्या पोत्यावर मटकन बसली.

"भात म्हणजे सरपण," मॅडम समजुतीनं म्हणाल्या. "त्यानं चूल पेटते, अंग हलतं. पण नुसत्या सरपणानं पडलेली भिंत उभी राहील का? तिला विटा लागतात. अंडी, डाळ, मासे, दूध, ही प्रथिनं म्हणजे विटा. भात बंद करू नका हं, नाहीतर विटाच चुलीत जातील. आणि चमचाभर तेल घाला. थोड्या घासात जास्त ताकद मिळते त्यानं."

"एवढं साधं!" ताई स्वतःवरच चिडली. "आणि मी मेली रोज डझनभर निळी झाकणं घालतेय!"

त्या संध्याकाळी तिनं बाजारातून निळ्या झाकणाचा डबा आणला आणि त्यात अंडी, डाळ, मासे भरले. आई कुरकुरली, अंड्याला नाक मुरडलं. ताईनं घास कुस्करून भरवले. पंधरा दिवस स्वतः ताईला घास गोड लागला नाही. काम करता करता मधेच हात पुसून ती दाराशी जायची आणि काही न करता परत यायची.

पंधराव्या दिवशी घरी आलेल्या नर्सनं पट्टी सोडली. ताईला बघवेना, ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"जखम भरतेय हो," नर्स म्हणाली. "कडा मिटायला लागल्यात. आता उघडायला नको."

ताई रडायलाच लागली. आईनं खाटेवरूनच डब्याचं झाकण काढलं, अंड्याचा तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता विचारलं, "बारा वर्षं हे तू दुसऱ्यांच्या आयांना देत होतीस होय गं?"

ताईनं मान खाली घातली आणि दुसरं अंडं सोलायला घेतलं.