दोन भोकांचं टोपरं

उमापूरच्या आश्रुबाला लोक लांबून ओळखायचे ते कानांवरून. गडी मधल्या चणीचा, अंगानं काटक, पण कान मात्र असे, की ब्रह्मदेवानं घाईगडबडीत दुसऱ्याच कुणाचे लावून दिले असावेत. सुपासारखे मोठे आणि दोन्ही बाजूंना ताठ. पटका कितीही दाबून बांधला तरी ते खालून बाहेर यायचेच. लग्नात अंतरपाट खाली गेल्यावर बायडाबाई त्याच्याकडं बघून खुदकन हसली होती. ती लाजली होती, असं आश्रुबा अजून सांगतो. बायडाबाई तसं सांगत नाही.

तर हा आश्रुबा, पन्नास वर्षं मेंढरांमागं चालून पायाच्या टाचा फुटलेला माणूस, गेल्या दिवाळीनंतर विणकाम शिकला.

त्याला कारण त्याची लेक. उज्ज्वला पहिल्या बाळंतपणासाठी बीडहून माहेरी आली ती एक भली मोठी पिशवी घेऊन. तिची सासू वनमालाबाई बीडमध्ये शिवणाचा क्लास चालवायची. होणाऱ्या नातवंडासाठी तिनं झबली, दुपटी, लंगोट आणि झालर लावलेली साटिनची टोपडी अशी तयारी करून ठेवली होती, की एका लेकराला नव्हे, अख्ख्या अंगणवाडीला पुरावी. वर सुनेच्या हातात लोकर आणि सुया दिल्या होत्या. "नुसती बसू नकोस, मोजे विण," म्हणून सांगितलं होतं. उज्ज्वला ओट्यावर बसून फोनवरच्या बाईचं बघत बघत मोजा विणायची आणि आश्रुबा खांबाला टेकून बघत राहायचा.

ते बघणं साधं नव्हतं. उज्ज्वला जन्मली तेव्हा आश्रुबा मेंढरं घेऊन पार परभणीच्या पुढं गेला होता. निरोप पोचेपर्यंत आणि तो परत येईपर्यंत पोरगी सव्वा महिन्याची झाली होती. बारसं उरकलं होतं. मामानं अंगडं आणलं, मावशीनं कुंची आणली, बाप आला हात हलवत. बायडाबाईनं हे सव्वीस वर्षांत निदान सव्वीसशे वेळा ऐकवलं असेल, पण तिच्या बोलण्याचं त्याला काही नव्हतं. त्याला स्वतःलाच ते बोचत राहिलं होतं. आता या लेकराच्या बारशाला त्याच्या अंगावर आपल्या हातचं काहीतरी असलंच पाहिजे, हे त्यानं मनाशी ठरवून टाकलं. यंदा मेंढरं लांब न्यायची नाहीत, हेही ठरवलं.

"उज्जे, मलाबी शिकीव," एक दिवस तो म्हणाला.

"काय शिकवू?"

"ह्येच. दोन काड्यांचं."

"आबा, तुमी विणणार?"

"कावून? पन्नास वर्सं सूत काढतोय की मी. त्या सुताचं पुढं काय व्हतं, त्ये तरी बघू दे."

सूत तो खरंच काढायचा. चालता चालता चाती, म्हणजे लोकर पिळायची लाकडी फिरकी, त्याच्या हातात गरगरत असायची. आता कळपातल्या भोरी नावाच्या मेंढीची त्यातल्या त्यात मऊ लोकर त्यानं निवडली, बारीक सूत काढलं, आणि उलटा टाका, सुलटा टाका शिकायला बसला. चार दिवसांत त्याच्या हातून जे तयार झालं ते टोपरं होतं की भाकरीखालचं फडकं, यावर मायलेकींचं एकमत झालं नाही. आश्रुबानं ते उसवलं आणि पुन्हा टाके घातले.

मग तो रानातही विणायला लागला. पुढं मेंढरं, मागं आश्रुबा, काखेत काठी आणि हातात सुया. एकदा सुंदररावांच्या हरभऱ्यात अर्धा कळप शिरला आणि सुंदरराव बांधावरून ओरडत आले.

"आश्रुबा! डोळे फुटले का बे? मेंढरं कुठं हायती तुझी?"

"थांबा मालक, येकदम बोलू नका. अठ्ठेचाळीस झाल्यात," आश्रुबा मान वर न करता म्हणाला.

"अठ्ठेचाळीस मेंढरं घातली व्हय माज्या रानात!"

"टाके वो, टाके."

त्या दिवसापासून गावानं त्याचं नाव आश्रुबाई पाडलं. हॉटेलात चहाला गेला की कुणीतरी जागा करून द्यायचं, "या बाई, बसा." आश्रुबा बसायचा, चहा प्यायचा आणि खिशातून सुया काढायचा. लाज नावाची चीज त्यानं त्या हंगामात खुंटीला टांगली होती.

खरी अडचण आली मापाची. फोनमधली बाई सेंटिमीटर सांगत होती, पण बायडाबाईनं तो फोनच उताणा होता तो पालथा करून ठेवला.

"पोटातल्या लेकराचं माप काढीत न्हाईत. माज्या घरात चालायचं न्हाई."

"मग टोपरं कसं बसंल?"

"बसंल तसं बसंल. जलमू द्या आधी."

आश्रुबानं वाद घातला नाही. तो मेंढरांच्या वाडग्यात गेला. भोरीला तीन दिवसांपूर्वीच कोकरू झालं होतं. लेकरू ते लेकरू, असा त्यानं विचार केला. माणसाचं काय आणि मेंढराचं काय, जन्मताना डोकं सारखंच असणार. त्यानं अर्धं टोपरं कोकराच्या डोक्यावर चढवून बघितलं. कोकरानं मान झटकून ते खाली पाडलं. का, तर कान दबले. आश्रुबाला ते लगेच पटलं. त्यानं दोन्ही बाजूंना कानासाठी दोन छान भोकं ठेवली. आता टोपरं नीट बसलं. फक्त कोकरू दर आठवड्याला वाढायचं आणि टोपरं लहान पडायचं. मग आश्रुबा उसवायचा, चार टाके वाढवायचा आणि पुन्हा कोकरावर घालून बघायचा. असं करत करत पौषात टोपरं पुरं झालं. तोवर ते त्या कोकरानंच इतकं वापरलं होतं, की नवं म्हणायची सोय राहिली नव्हती.

त्यानं ते उज्ज्वलेला दाखवलं. तिनं भोकातून एक बोट घातलं, दुसऱ्या भोकातून काढलं आणि विचारलं, "आबा, ही कशाला?"

"कानाला."

उज्ज्वला हसायला लागली ती थांबेचना. पोट धरून भिंतीला टेकली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आतून बायडाबाई धावत आली, लेकीचा अवतार बघून तिला वाटलं कळाच सुरू झाल्या, आणि कुणी काही सांगायच्या आत तिनं जीपवाल्याला फोन लावला. जीप दारात येऊन रिकामी परत गेली.

"अवं आबा, मानसाचे कान टोप्याच्या आत असत्यात!"

आश्रुबानं नकळत स्वतःच्या कानाला हात लावला. "माजे तर कंदीच आत बसले न्हाईत," तो म्हणाला. त्याचंही खरंच होतं. टोपी घातली की कान बाहेर राहतात, हे त्याला जन्मभराचं माहीत होतं.

उसवायला मात्र आता वेळ राहिला नाही. पाचव्या दिवशी जीप परत आली, या वेळी खऱ्या कारणासाठी, आणि गेवराईच्या दवाखान्यात उज्ज्वलेला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी वनमालाबाई बीडहून आल्या. त्यांनी नातीला न्याहाळून घेतलं आणि कुणी बघायच्या आत साटिनचं टोपडं हनुवटीखाली घट्ट बांधून टाकलं. "डोक्याला आकार येतो," म्हणाल्या. मग जाहीर केलं, "नाक बापाचं, आमच्या सोमेश्वरचं. कपाळ आमच्या मामंजींचं. अगदी आमच्यावर गेली बघा."

बायडाबाई तोंडाला पदर लावून हसली. आश्रुबाला तर दुपट्याच्या गाठोड्यातून नुसतं नाकाचं बोंड दिसलं होतं. ते कुणाचं का असेना, त्याला गोडच वाटलं. त्यानं पटक्यात जपून ठेवलेलं टोपरं काढलं आणि विहिणीपुढं धरलं.

वनमालाबाईंनी ते दोन बोटांत धरून हुंगलं. "पाव्हणे, याला मेंढीचा वास येतो."

"मेंढीचंच हाय न्हवं, ईनबाई."

"टोचेल हो पोरीला. आणि ही भोकं कसली?" उत्तर ऐकल्यावर त्यांनी टोपरं परत त्याच्या हातात दिलं. "घरात असू द्या. बारशाला नको. व्हिडिओवाला सांगितलाय आम्ही."

आश्रुबाचं तोंड एवढंसं झालं. तरी त्यानं हाय खाल्ली नाही. घरी आल्यावर टोपरं रिठ्यानं धुतलं, मग शाम्पूच्या तीन पुड्यांनी धुतलं आणि वाळायला वाडग्याच्या कुंपणावर टाकलं. वाऱ्यानं ते आत पडलं. दुपारभर भोरीचं कोकरू त्यावर बसून रवंथ करत राहिलं. संध्याकाळी टोपऱ्याचा वास होता त्याहून पक्का झाला. आश्रुबानं ते मुकाट्यानं लेकीच्या उशाशी नेऊन ठेवलं आणि बारशापर्यंत त्याचं नावही काढलं नाही.

बाराव्या दिवशी दुपार कलल्यावर बारसं भरलं. पाहुण्यांच्या पायात यायला नको म्हणून कोकरं घरामागं डालग्याखाली झाकली होती, आणि कळप त्या दिवशी चुलतभावानं रानात नेला होता. ओट्यावर पाळणा सजला. मुलगी साटिनमध्ये झळकत होती. उज्ज्वलेनं बापाचं टोपरं गुपचूप पाळण्यात, लेकीच्या पायाशी, दुपट्याखाली सरकवून ठेवलं होतं. अंगावर नाही तर निदान पाळण्यात तरी, असा तिचा हिशोब. आश्रुबा पुरुषांच्या घोळक्यात मागं उभा होता. सव्वीस वर्षांपूर्वी बारसं चुकलं ते लांब असल्यामुळं. आज दहा पावलांवर असून चुकत होतं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

एवढ्यात कळप रानातून परतला. मेंढी संध्याकाळी परतली की आधी आपलं कोकरू शोधते, आणि शोधते ती नाकानं. भोरीनं वाडग्याच्या तोंडाशी मान वर केली, वारा हुंगला आणि घराचा रस्ता धरला. ती पाहुण्यांच्या चपलांवरून आली, घुगऱ्यांची पाटी उलटी करून आली, व्हिडिओवाल्याच्या दोन पायांमधून आली आणि ओट्यावर चढून थेट पाळण्यात तोंड घातलं. दुपटं बाजूला सारून टोपरं हुंगलं. मग समाधानानं "म्हॅऽऽ" करून ती पाळण्याला आडवी उभी राहिली.

"हाकला तिला!" म्हणत वनमालाबाई पुढं झाल्या. भोरीनं खूर आपटला आणि डोकं खाली घातलं. वनमालाबाई पैठणीसकट खुर्चीवर चढल्या.

"कुनी हालू नका," मागून आश्रुबा आला. काय झालंय ते त्याला एका नजरेत कळलं. भोरीला आता काठीनं हलवता येणार नव्हतं. टोपरं जाईल तिथंच ती जाणार होती. त्यानं पाळण्यातून ते उचललं, सगळ्यांसमोर. "चल माय, चल," म्हणत तो ओटा उतरला आणि भोरी त्याच्या मागं मागं गेली. डालग्याखालचं कोकरू सोडल्यावर ती त्याला पाजायला लागली. आश्रुबा तिथंच खाली बसला आणि टोपऱ्यात तोंड घालून हमसून हमसून रडला.

ओट्यावर कुणाला हसावं की नाही ते कळत नव्हतं. पहिल्यांदा हसल्या त्या खुर्चीवरच्या वनमालाबाई, आणि अशा हसल्या की खुर्ची डुगडुगली. खाली उतरल्या आणि तशाच घरामागं गेल्या.

"पाव्हणे, आणा ते इकडं."

आश्रुबानं डोळे पुसले. "न्हाई, ऱ्हाऊ द्या, ईनबाई. वास येतोय."

"येऊ द्या. बावीस वर्षं कपडे शिवतेय मी. माझं झबलं बघून आजवर कुणी असं माणसं तुडवत आलं नाही. मेंढीनं मानलं, तर मी कोण नाही म्हणणारी? सुई-दोरा मागवा. आणि आतून लावायला जुनं मऊ कापड द्या, म्हणजे टोचायचं नाही."

आश्रुबानं डोक्याचा पटका सोडला. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन तो सायीसारखा मऊ झाला होता. वनमालाबाईंनी त्याच्या शेवटाचा तुकडा फाडला आणि ओट्यावर मांडी घालून, पाहुणे ताटकळत ठेवून, दहा मिनिटांत टोपऱ्याला आतून अस्तर लावलं. कानाजवळ आल्यावर त्या जरा घाईनं म्हणाल्या, "ही भोकं तेवढी बुजवते."

"बुजवा," आश्रुबा म्हणाला. तेवढ्यावरही तो खूश होता.

"आई, आधी घालून तर बघा," उज्ज्वला म्हणाली.

वनमालाबाई अडखळल्या. तोवर बायडाबाईनं शांतपणे नातीच्या हनुवटीखालची साटिनची गाठ सोडली आणि टोपरं डोक्यावर चढवलं. डावीकडच्या भोकातून एक कान टुणकन बाहेर आला. मग उजवीकडून दुसरा. सुपासारखे, दोन्ही बाजूंना ताठ, मागच्या उन्हात लालबुंद.

सगळ्या बारशानं आधी पोरीकडं बघितलं. मग उघड्या डोक्यानं उभ्या असलेल्या आश्रुबाकडं बघितलं. मग जो हशा पिकला तो वाडग्यापर्यंत गेला आणि मेंढरं ओरडायला लागली.

"मला वाटलं, बांधून ठेवले तर बसतील खाली," वनमालाबाई पुटपुटल्या. "बायडाबाई, तुम्ही तर रोज न्हाऊ घालता तिला. तुम्हीपण पाव्हण्यांना बोलला नाहीत?"

"मी बोलले असते तर ह्ये पोरगी उचलून गावभर हिंडले असते की."

बोलून ती वळते तर पाळणा रिकामा. नात टोपऱ्यासकट छातीशी धरून आश्रुबा आळीच्या तोंडाला पोचला होता, आणि "सुंदरराव! ओ सुंदरराव! बघा आश्रुबाईनं काय विणलं!" असं ओरडत होता.

"अवं, परत या!" बायडाबाई ओट्यावरून ओरडली. "नाव ठेवायचं ऱ्हायलंय तिचं!"

आश्रुबाला ऐकू गेलं नाही. एवढे मोठे कान असून.