दगडाबाईंच्या गालाचा तुकडा

अंबाजोगाईच्या एका प्रयोगशाळेत आम्रपाली अकरा वर्षांपासून लेझरच्या मशीनवर बसते. तोंडाच्या आतून काढलेला कणभर मांसाचा तुकडा मशीनखाली ठेवायचा, त्यावर लेझर सोडायचा. परतणाऱ्या उजेडाचा आलेख संगणकावर उमटतो. निरोगी गालाच्या आलेखात चरबीचं टोक उंच असतं, कॅन्सर असला की ते बसतं. बाहेरचा उजेड चालत नाही, म्हणून खोली बंद. दिवसभर बोलायला माणूस नाही. डबा खायला बाहेर आली की लोक विचारतात, "मॅडम, त्या लेझरनं चामखीळ जाते का हो?" झालं, एवढाच काय तो संवाद.

तुकड्यांवर नाव नसतं, नंबर असतो. पण आजचा तुकडा कोणाचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. काल डॉक्टरांनी दगडाबाईंच्या गालातला पांढरा चट्टा कापला, तेव्हा त्यांचा हात हिनंच धरला होता. लेकच ती त्यांची. संध्याकाळच्या गाडीनं दगडाबाई पाटोद्याकडं, आपल्या गावी परतल्या होत्या.

आलेखात टोकं दिसेनातच, नुसता ढिगारा. मिश्रीचा, म्हणजे दाताला लावायच्या भाजलेल्या तंबाखूचा, अंश असला की तुकडा असाच चमकतो आणि बाकी सगळं झाकून टाकतो. मिश्री! ती तर आईनं दोन वर्षांपूर्वी लेकीची शपथ घेऊन सोडली होती. आम्रपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं तुकडा धुतला, लेझरखाली ठेवला आणि चमक विझायची वाट बघत बसली. हळूहळू टोकं वर आली. चरबीचं टोक बसलेलं होतं. जागा बदलून पाहिली, तरी तेच. खरा निकाल पॅथॉलॉजीचा, तो चार दिवसांनी. हा आलेख नुसता अभ्यासापुरता. कोणाला सांगायची मुभा नाही आणि सांगायला कोणी नाहीही. तिला फार एकटं वाटलं. तिनं फोन लावला.

"माय, काल मिश्री लावलीस ना?"

"मोठ्या दवाखान्यात घाण तोंडानं जावं का? दात घासले." मग आवाज उतरला. "रोजच लावते, आमू. वट्यावर मिश्री लावत बसलं की बाया येत्यात, घडीभर बोलत्यात. सोडली तवा कुणी फिरकलं न्हाई बघ."

आम्रपालीचा राग कुठल्या कुठं गेला.

"मी येते आज. राहते चार दिवस."

"आज? कावून? तुला तर सुट्टी न्हाई."

"काढते सुट्टी," आम्रपाली म्हणाली आणि तिनं लेझर बंद केला. दगडाबाई काय ते समजल्या. त्या म्हणाल्या, "ये. भाकरी टाकून ठिवते."